दुसरी वही नसलेलं दुकान

माझ्या वडिलांना कोणी विचारलं, "काय शेठ, धंदा कसा काय?" की उत्तर ठरलेलं असायचं. "मंदा आहे." दिवाळीच्या आदल्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नसली तरी मंदा. लग्नसराईत रिठदचा एखादा माणूस लेकीसाठी गुंड, कोपर, गंगाळ अशी सगळी भांडी एकदम बैलगाडीत घालून घेऊन गेला तरी "मंदा आहे भाऊ." वाशिमच्या बाजारात सगळेच व्यापारी असं म्हणत. चांगला चाललाय म्हटलं की नजर लागते, उसने मागणारे दारात उभे राहतात आणि इन्कमटॅक्सवाल्यांचे कान कुठं असतील याचा नेम नाही. त्यामुळं व्यापाऱ्याच्या मंदीवर गावात कोणी म्हणजे कोणीच विश्वास ठेवत नसे.

आणि ज्या वर्षाची गोष्ट मी सांगतेय, त्या वर्षी आमचा धंदा खरोखरच बसला होता. आमचं दुकान तांब्या-पितळेच्या भांड्यांचं. पुढं दुकान, मागं घर. बाजारात स्टील आलं होतं आणि बायका घरातली पितळ मोडीत घालून स्टीलचे डबे घ्यायला लागल्या होत्या. वडिलांकडं स्टील भरायला भांडवल नव्हतं. ते आपले पितळी तांब्यावर छिन्नीनं नावं टाकत बसायचे. अक्षर मात्र असं काढायचे, की केनवडपर्यंतची गिऱ्हाइकं फक्त नाव टाकून घ्यायला यायची.

मी तेव्हा कॉलेजात, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. दुपारी घरी आले की दुकानाची वही मीच लिहायची. त्यामुळं दुकानाची नाडी मला आईपेक्षाही जास्त कळत होती. मी जात्याच तापट. आई म्हणायची, "हिच्या जिभेले हाड नाही, कोण्या घरी नांदन ही बाप्पा!" आम्ही जैन. लग्नाच्या मुलीनं कसं बोलावं, किती बोलावं, याचे आमच्याकडं बरेच नियम होते आणि मी त्यातले बहुतेक मोडलेले होते.

त्या साली दोन गोष्टी एकदमच आल्या. एक म्हणजे माझं स्थळ. दुसरं म्हणजे रिटर्न भरायला नवा माणूस शोधण्याची वेळ.

स्थळ आणलं मोठ्या बाबांनी, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावानं. त्यांची शेलूबाजारला धान्याची आडत, दाराशी जीप. माणूस मनानं वाईट नव्हता, पण मोठेपणाची भारी हौस. आजोबा लवकर गेले, तेव्हा वडिलांना त्यांनीच वाढवलं, दुकानही त्यांनीच घालून दिलं. वडिलांनी ते पैसे कधीच फेडले होते, पण भावापुढं मान वर करून बोलायची सवय काही लागली नाही. दादा म्हणतील ती पूर्व दिशा.

स्थळ अकोल्याचं, कापडवाले. मुलाला नवं दुकान टाकून द्यायचं होतं आणि मुलीकडच्यांनी त्यात हातभार लावावा, अशी त्यांची अपेक्षा होती. मोठ्या बाबांनी परस्पर सांगून टाकलं होतं, "माह्या भावाचं घर भरेल हाय." मुलगा मी पाहिला. गरीब बिचारा, सबंध वेळ स्वतःच्या पायांकडं बघत होता. त्याची आई मात्र मला म्हणाली, "कॉलेज आता पुरे की." माझ्या तोंडात उत्तर आलं होतं, ते मी पोह्यांबरोबर गिळलं.

ते लोक गेल्यावर वडील घाबरत घाबरत म्हणाले, "दादा, एवढं कुठून आणू?"

"दुकान इकून टाक," मोठे बाबा म्हणाले. "गिऱ्हाईक पाहून ठेवलं म्या. रिसोडचा हाय. अन् तू ये शेलूबाजारले, माह्या गादीवर बस. वह्या लिहायले मले घरचा माणूस पायजेच हाय."

वडिलांनी फक्त "पाहू" म्हटलं. मी दाराआड उभी होते आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या लग्नापायी हा माणूस हातातली छिन्नी ठेवून भावाचा मुनीम होणार! माझ्याच पायगुणानं दुकान जाणार! लग्न नको असं म्हणायची सोय नव्हती. ऐपत नाही असं म्हणायचीही सोय नव्हती, कारण व्यापारी "माझ्याकडं नाही" म्हणाला की समोरचा हसतो आणि मनात रक्कम वाढवतो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हाच.

आता रिटर्नचं. तेव्हा वाशिम अकोला जिल्ह्यात होतं आणि इन्कमटॅक्सचं ऑफिस अकोल्यालाच. इतकी वर्षं आमचं रिटर्न तिथले एक म्हातारे वकील भरायचे. त्यांची पद्धत अगदी सोपी होती. मागच्या सालचा आकडा घ्यायचा, त्यावर थोडं चढवायचं आणि वडिलांची सही घ्यायची. म्हणायचे, "दरसाल थोडं थोडं वाढलं की साहेबाच्या डोळ्यावर येत नाही." वही त्यांनी कधी उघडून पाहिली नाही. म्हणजे दुकान खाली चाललं होतं आणि कागदावर आम्ही वर चढत होतो. त्या साली त्यांना मोतीबिंदूनं काहीच दिसेना, तेव्हा त्यांनी आमचे कागद पोस्टानं परत पाठवले आणि निरोप दिला की आता दुसरा कोणी पाहा.

कोण पाहायचा? आठवडाभर घरात दुसरा विषय नव्हता. तहसील कचेरीसमोर टाइपरायटर घेऊन बसणारा एक होता. तो सातबारापासून घटस्फोटापर्यंत काहीही भरून द्यायचा, पण त्यानं भरलेल्या एका रिटर्नवर बापाच्या जागी दुकानाचं नाव पडलं होतं, असं ऐकिवात होतं. मोठ्या बाबांचे मुनीम होते, पण ते वयानं आणि कानानं थकलेले. मी म्हटलं, "मी भरते. शिकून राह्यली ना मी तेच?"

"आधी पास तं हो," वडील म्हणाले.

आईची अट वेगळीच होती. आम्ही सूर्यास्तानंतर जेवत नाही. तिचं म्हणणं, "असा वकील पाहा, की दिवस बुडायच्या आत घरी येऊन जेवता येईन. मागच्या खेपेस उपाशी झोपले हे." कोणी फी पाहतं, कोणी हुशारी पाहतं, माझी आई एस.टी.चं टाइमटेबल पाहत होती.

मग जीप आली. मोठे बाबा गादीवर बसायच्या आधीच बोलायला लागले.

"वकील कायले धुंडाळता? पोराचा मामा अकोल्यात इन्कमटॅक्सचाच वकील हाय ना! घरचाच माणूस. त्याच्याकडं दे. अन् पाय, या साली आकडा जरा चांगला चढवून देजो. त्याच्या डोळ्यात भरला पायजे."

"म्हणजे, उत्पन्न जास्त दाखवू?" वडिलांना कळेना.

"दाखव ना! कर भरू चार पैसे जास्त. झाकली मूठ सव्वा लाखाची असते बाबू."

आणीबाणीचे दिवस होते ते. धाडींच्या बातम्या रोज यायच्या, व्यापारी उत्पन्न लपवायला जागा शोधत होते आणि आमचे मोठे बाबा भावाला सांगत होते, जास्त दाखव! अख्ख्या वऱ्हाडात असं सांगणारा तो एकच माणूस असेल.

वडील म्हणाले, "बरं दादा."

झालं! माझा संताप अनावर झाला. जीप गेल्यावर मी वडिलांवर सरळ ओरडले. "तुमाले दुसरा कोणी नाही सापडला का? त्याच्याच हातात मान देऊन राह्यले? काहून बरं म्हटलं तुमी? मले इकून टाका, दुकान इका, तुमीबी बसा शेलूबाजारले!" आई माझ्या दंडाला धरून आत ओढत होती. वडील पुन्हा छिन्नीकडं वळले. तांब्यावर एक नाव अर्धं राहिलं होतं, ते पुरं करत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी वही लाल फडक्यात बांधली, आईनं दशम्यांचा डबा दिला आणि ते अकोल्याच्या एस.टी.नं गेले. मी निरोप घ्यायलाही बाहेर आले नाही. तोंड फुगवून बसले होते. संध्याकाळी ते दिवस मावळायच्या आत आले, जेवले, पण हातात वही नव्हती.

"वही कुठं आहे?" मी विचारलं.

"ठेवून घेतली त्यांनी. रविवारी इकडं येतो म्हणाले."

रविवारी मामा आले. गोरे, जाडजूड, घामेजलेले, हातात आमची वही. दुकान बंद होतं, म्हणून घरातच बसले. मी स्वयंपाकघरात, मधलं दार थोडं उघडं. मला वाटलं, आता हा माणूस सुपारी फोडायचीच बोलणी करणार.

मामांनी वही पुढं ठेवली आणि हळूच म्हणाले, "ही पाहिली. आता दुसरी दाखवा."

"दुसरी कोणती?"

"अहो शेठ, मी काय ऑफिसर आहे का? घरचा माणूस आहे. साहेबाला दाखवायची एक असते आणि घरात ठेवायची एक असते. घरातली काढा."

"हीच घरातली. हीच साहेबाची," वडील म्हणाले.

मामा मोठ्यानं हसले. वडीलही हसले, पण कसनुसे. मग मामांनी समजावलं, चुचकारलं, शेवटी थोडे चिडलेही. "असा व्यापारी मी जन्मात पाहिला नाही!" वडील आपले एकच सांगत होते, धंदा मंदा आहे. आणि कोण विश्वास ठेवणार? जन्मभर हेच तर म्हणत आले होते.

मामा उठले. पाय मोकळे करतो म्हणाले आणि घरभर फिरायला लागले. दुकानात डोकावले, मागच्या खोलीत धान्याची कोठी पाहिली, माळ्याकडं मान वर करून पाहिलं. पाणी प्यायला म्हणून माठाशी गेले, तर माठामागंही वाकून पाहिलं. आई मला डोळ्यांनी दटावत होती, कारण मी आता हसते की भांडते याचा तिला भरवसा नव्हता.

ऊन कलायला लागलं तशी आईनं पानं घेतली. तेही आमच्यातलेच, अंधार पडायच्या आत जेवणारे. मामांपुढं ताट ठेवलं, वाटी ठेवली, पाण्याचा तांब्या ठेवला. त्यांनी तांब्या उचलला आणि थबकले. त्यावर दुसऱ्याच कोणाचं तरी नाव होतं. वाटी पाहिली, तिच्यावर तिसऱ्याच घराचं आडनाव. ताट तिरपं करून पाहिलं, तिथं चौथंच. मग मांडणीकडं पाहिलं. परात, डबा, पळी, सगळ्यांवर वेगवेगळी नावं.

मामांचा चेहरा एकदम उजळला. "अस्सं! म्हणजे सावकारी आहे म्हणा की! लोकांची भांडी गहाण ठेवून घेता आणि वर म्हणता दुसरी वही नाही!"

मला राहवलं नाही. मी दार ढकलून बाहेर आले. आईनं कपाळाला हात लावला.

"गहाण नाही हो मामा," मी म्हटलं, "चुकलेली आहेत ती."

आणि खरंच तसं होतं. आहेराच्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव टाकतात, अमुककडून सप्रेम भेट. वडिलांचं अक्षर मोत्यासारखं, पण लक्ष कधीकधी भलतीकडं. देणाऱ्याच्या जागी नवरदेवाचं नाव टाकून मोकळे व्हायचे. म्हणजे नवरदेवानं स्वतःलाच भेट दिली! गिऱ्हाईक ते भांडं कसं घेणार? छिन्नीचं नाव पुसता येत नाही. मग ते भांडं घरात यायचं. आमचा सगळा संसार असा चुकलेल्या भांड्यांवर चालला होता. दुकानातलं चांगलं भांडं घरात वापरायची आमची ऐपतच नव्हती. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी दुसऱ्यांच्या नावाची भांडी असतात.

मी मांडणीवरून एकेक भांडं काढून त्यांच्यापुढं ठेवत गेले आणि कुठं काय चुकलंय ते सांगत गेले. तोंडाला खीळ नव्हतीच. "ही वाटी माझ्या जन्माच्या सालची चूक. हा डबा मागच्या लग्नसराईतला. आणि हे ताट तुमच्यापुढं ठेवलंय ना, ते आमचं सगळ्यात चांगलं आहे. त्याला पोचा नाही."

वडिलांनी मान खाली घातली. मला तेव्हा भयंकर वाईट वाटलं. आपण आपल्याच बापाची लाज चारचौघांत मांडली, असं झालं. मामांनी ते ताट सरळ करून पुढं ओढलं. मग मुकाट्यानं जेवले. आईनं आग्रह केला तरी दुसरी पोळी घेतली नाही. जाताना वडिलांना एवढंच म्हणाले, "वहीत आहे तसंच भरतो."

आठ-दहा दिवसांत अकोल्याहून पोस्टकार्ड आलं. मुलाची आणि मुलीची पत्रिका जुळत नाही, योग नाही, क्षमस्व. पत्रिका तर त्यांनी मागितलीच नव्हती! आईनं ते कार्ड दोनदा वाचून घेतलं, देवापुढं ठेवलं आणि म्हणाली, "सुंठीवाचून खोकला गेला वं पोरी." मग तिनं साजूक तुपातला शिरा केला. आम्ही शिरा खात असतानाच जीपचा आवाज आला, तेव्हा आईनं परात पदराखाली झाकली आणि आम्ही तिघांनी तोंडं पाडली.

मोठे बाबा लालबुंद झाले होते. "त्याले खरी वही काहून दाखवली? म्या काय सांगतलं होतं?"

वडील अगदी गरीब आवाजात म्हणाले, "तुमीच म्हणाले ना दादा, घरचाच माणूस आहे. घरच्या माणसापासून काय लपवायचं?"

मी पाणी आणायच्या निमित्तानं आत पळाले आणि तोंडात पदर कोंबून हसले. इतकं हलकं मला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

पण दुकानावरचं गंडांतर पुरतं टळलं नव्हतं. काही महिन्यांनी इन्कमटॅक्सची नोटीस आली. दरसाल चढणारा आकडा या साली एकदम घसरला कसा? खुलाशाला वह्या घेऊन हजर व्हा. साहेब जुन्या आकड्यावरून अंदाजानं कर लावणार, वर दंड ठोकणार, आणि तो भरायला दुकानच विकावं लागणार. मोठे बाबा म्हणाले, "पाय, आता तं इकाच लागते." आईचं जेवणात लक्ष लागेना. मीही तेवढीच घाबरले होते, पण ओरडायला आता समोर कोणी नव्हतं.

तारखेला वडील अकोल्याला गेले, तीच वही, तेच लाल फडकं. त्या दिवशी मी कॉलेजला गेले नाही. दुकानाच्या पायरीवर बसून रस्त्याकडं बघत होते. सूर्य खाली खाली येत होता आणि आई आतून दर थोड्या वेळानं विचारत होती, "आले का वं?"

ऊन अगदी पिवळं झालं तेव्हा ते कोपऱ्यावर दिसले. वही काखेत आणि चाल अशी, की मला दुरूनच कळलं. मी तिथूनच ओरडले, "आई, वाढ!"

जेवतानाच त्यांनी सांगितलं. साहेब काही केल्या ऐकायला तयार नव्हता. म्हणे, दुसरी वही कुठं दडवली? मग मामा उठले, सोयरीक मोडली तरी वकील तेच होते. म्हणाले, "साहेब, या घरी मी वकील म्हणून गेलोच नव्हतो, भाच्याचा मामा म्हणून गेलो होतो. मुलगी बघायची म्हणून घराचा कोपरान्‌कोपरा पाहिला. माठाच्या मागंसुद्धा पाहिलं. काही सापडलं असतं, तर आम्ही ही सोयरीक सोडली असती का?"

साहेब एकदम पोट धरून हसला. त्यानं वहीतला आकडा होता तसा मान्य केला.

मी हातातली पोळी तशीच ठेवून रडायला लागले. हसू येत होतं तरी रडत होते. दुकान राहिलं होतं. वडील त्यांच्याच गादीवर बसणार होते, त्यांच्याच छिन्नीनं चुका करणार होते. जेवणं उरकली, त्यांनी चूळ भरली, तेव्हा मी विचारलं, "बाबा, खरं सांगा. तुमी मुद्दामच त्यांच्याकडं वही नेली ना?"

ते बराच वेळ हात पुसत राहिले. "दादाले नाही म्हणता येत नाही मले. अन् मंदा आहे म्हटलं तं कोणी खरं मानत नाही. ज्यानं खरं मानलं तं काम होते, त्यालेच नेऊन दाखवलं." मग म्हणाले, "तू भांडी काढून दाखवशील, हे मात्र मले ठावं नव्हतं. थे बरं केलं."

तेवढ्यात बाहेर कोणीतरी हाक मारली. रिठदचा एक शेतकरी शेवटच्या गाडीआधी तांब्यावर नाव टाकून घ्यायला आला होता. वडील टोपी नीट करून दुकानात गेले, गादीवर बसले आणि छिन्नी हातात घेतली.

"काय शेठ, धंदा कसा काय?" त्यानं सवयीनं विचारलं.

वडील थांबले. मी आणि आई दारातून बघत होतो.

"चांगला आहे भाऊ," ते म्हणाले. "लय चांगला आहे."

आईनं तिथल्या तिथं बोटं मोडून त्यांची दृष्ट काढली.